जिन्याच्या वळणावरचे अण्णा

घराला कुलूप लावलं की मी ते अजून तीनदा ओढून बघते. पहिल्यांदा कुलूप लागलं का ते बघायला, दुसऱ्यांदा पहिल्यांदा नीट बघितलं का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा होनगेकर अण्णांसाठी. माझा नवरा खाली गाडीपाशी उभा राहून हसतो. त्याने अण्णांना पाहिलेलं नाही, त्यामुळे मी ते मनावर घेत नाही.

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या त्या जुन्या इमारतीत अण्णा दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या. पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच आले होते. रिंग रोडवरच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हॉलमध्ये एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे.

"दार नुसतं लोटून ठेवलंस," ते म्हणाले. "मी आत आलो. बोललो नाही, खोकलो नाही. तुला कळलं काय? मी चोर असतो तर आतापर्यंत चहा करून पिऊन गेलो असतो."

मी घाबरून "चहा घेता का?" एवढंच म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "स्वल्प घेतो. पण आधी दार लाव." ही आमची ओळख.

अण्णा मूळचे बेळगावकडचे, पण बंगळुरात उभा जन्म गेलेला. एका यंत्रांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. म्हणजे भिणं हाच त्यांचा व्यवसाय. कुठल्या यंत्रात कुणाची बाही अडकेल, कुठल्या तारेतून ठिणगी उडेल, याचा विचार करायचा पगार त्यांना वर्षानुवर्षं मिळाला आणि निवृत्त झाल्यावर ते तोच विचार फुकट करू लागले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. अण्णांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. गॅसची खटकी बंद केल्यावर तिच्यावर तळहात ठेवून ते क्षणभर थांबत, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आपण भित्रे आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि त्याची लाज अजिबात नव्हती. "भीती स्वल्प असू दे," ते म्हणायचे. "मिठासारखी असती ती. नसली तर सगळं आळणी, नि जास्त झाली की तोंडात घालवत नाही." स्वतःच्या ताटात मात्र त्यांनी ती मूठभर घालून घेतली होती.

त्यांच्या बायकोचं, शकुंतला अक्कांचं, सगळंच उलटं. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडून त्यालाच हसायला लावणारी बाई. दोघं बाहेर निघाले की अक्का फाटकापाशी पोचलेल्या असत आणि अण्णा अजून कुलूप ओढत. "ओढून बघितलं काय?" अक्का खालून ओरडायच्या. "बघितलं," म्हणत अण्णा चार पायऱ्या उतरायचे आणि परत वर जायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. धारवाडची एक भाची, सुमन, तेवढी येऊन जाऊन असायची. चकोतीच्या, म्हणजे पपनसाच्या, दिवसात अक्का एकट्या बसने देवनहळ्ळीला जायच्या आणि पिशवीभर ती डोक्याएवढाली फळं घेऊन यायच्या. त्यातलं एक मला मिळायचं. सोलताना हात दुखून यायचे.

अशाच एका फेरीतून अक्का परत आल्या नाहीत. संध्याकाळ झाली तशी अण्णा माझ्या दाराशी आले. आम्ही टॅक्सी करून देवनहळ्ळीला गेलो. वाटेत त्यांनी माझ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. अक्का बसस्टँडच्या बाकावर सापडल्या. मांडीवर पिशवी, चेहरा शांत. एकामागून एक बस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. "कुठल्या गाडीत बसायचं तेवढं आठवेना," त्या म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, हे येतील." आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली ते शेवटी एकदाचं घरात शिरलं होतं, आणि ते कुलूप लावून थांबणारं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. अण्णांनी ते नाव पुन्हा कधी उच्चारलं नाही. "तिचं ते विसरणं" एवढंच म्हणायचे.

मग अण्णांनी हॉलमध्ये अक्कांच्या खुर्चीसमोर एक कॅमेरा लावला. त्याचं चित्र लहानलहान तुकड्यांनी माळ्यावरच्या एका काळ्या डब्यात जमा व्हायचं. हा डबा म्हणजे त्यांचा घरचा फाइल सर्व्हर. निवृत्तीनंतर त्यांनी तो स्वतः जोडला होता, त्यात जुने फोटो, कागद, गाणी सगळं भरून ठेवलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं कोठी. बाजारात आयते कॅमेरे मिळतात, चित्र थेट मोबाइलवर येतं, असं मी सुचवून पाहिलं.

"ते चित्र आधी कुठं जातंय?" त्यांनी विचारलं.

"त्या कंपनीच्या मशीनवर. कुठेतरी परदेशात."

"मग नको. माझी बायको केस मोकळे सोडून खुर्चीत बसती. ती कुणाच्या कोठीत जाऊन बसणार नाही."

पुढे त्यांच्या स्वतःच्या छातीत दुखायला लागलं. हेब्बाळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, बायपास करा, दिवस घालवू नका. अण्णांनी मान डोलावली, घरी आले आणि दिवस घालवायला लागले. दिवसभर अक्कांजवळ त्यांना सांभाळायला ठेवलेल्या भाग्यम्मा असायच्या. बाई मायाळू, पण बसल्या जागी पेंगणारी. सुमन इस्पितळात मामांजवळ थांबायला तयार होती. सगळी सोय झाली होती, पण अण्णांची एकच अट होती. "इस्पितळातनं मला ती खुर्चीत दिसली पाहिजे. दिसली की जातो."

आणि एक दिवस तेच मला म्हणाले की झालं, बाहेरून दिसतंय. रोज करून बघतोय. मला हायसं वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी ऑफिसातून येत होते. त्यांच्या दाराखाली जिना जिथे वळतो तिथे अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला.

"इथे काय करताय अण्णा?"

"बाहेरनं बघतोय. दिसती की. आता हात वर करंल बघ." मोबाइलमध्ये काही वेळाने खुर्चीतल्या अक्कांनी खरंच हात वर केला. अण्णांचा चेहरा उजळला. हे त्यांचं रोज, कधी कधी दिवसातून पाच-सहा वेळा चालायचं. "शकू, मी बाहेर जाऊन येतो. हात वर कर," असं सांगायचं, बाहेर पडून वळणावर उभं राहायचं, हात दिसला की परत घरात जायचं.

मी त्यांच्या मोबाइलचा वरचा कोपरा बघितला. घरातलं वायफाय त्या वळणापर्यंत येत होतं. फोनच्या हिशेबी अण्णा उंबरठ्याच्या आतच होते. ज्याने कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची परीक्षा घेतली त्याने ही परीक्षा दारातल्या दारात घेतली होती. कारण सोपं होतं. त्याहून लांब जायची त्यांची छातीच नव्हती.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग बाहेर म्हणजे किती लांब?"

मी त्यांना खाली नेलं, फाटकाबाहेर, पाण्याचा टँकर उभा होता त्याच्याही पलीकडे. त्यांनी बोट लावलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. चित्र नाही. त्यांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा चक्र. मग ते एकदम वळले आणि झपाझप घराकडे निघाले, आणि जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर कठडा धरून थांबले. ओठ पांढरे पडलेले. मला त्या क्षणी वाटलं, हा माणूस आता इथेच जातो. जरा वेळाने ते म्हणाले, "आधी वर जाऊन तिला बघ. मी येतो सावकाश."

आम्ही दुरुस्तीला लागलो. घाई मलाच होती. पहिला दोष सापडला तो इंटरनेट देणाऱ्याकडचा. त्याने गल्लीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता दिला होता. बाहेरून येणारा गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, पुढे कुठलं घर ते त्याला कोण सांगणार? चार फोन केल्यावर अण्णांना स्वतंत्र पत्ता मिळाला. मग आम्ही राउटरमध्ये कोठीसाठी एक दार उघडलं. दार उघडताना अण्णांनी डोळे मिटून घेतले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. फाटकाबाहेर जाऊन बघितलं, तर खुर्ची, अक्का, सगळं लख्ख दिसलं. अण्णांनी मला फिल्टर कॉफी पाजली आणि सुमनला फोन करून इस्पितळात जायचा दिवसही सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाज ओळखू येईना. मी खाली गेले तर ते संगणकासमोर बसले होते. कोठीकडे कोण कोण आलं याची नोंद पडद्यावर दिसत होती, आणि ती सरकत होती. कुठल्या तरी दूरदूरच्या ठिकाणांहून कोणीतरी एकेक नाव, एकेक पासवर्ड लावून बघत होतं. एक चुकला की दुसरा, दुसरा चुकला की तिसरा.

"मुग्धा," ते हळूच म्हणाले, पलीकडच्याला ऐकू जाईल म्हणून म्हणावं तसं, "कोणतरी कुलूप ओढून बघतंय."

मी समजावलं की ही माणसं नव्हेत, यंत्रं आहेत, जगातल्या प्रत्येक उघड्या दाराशी ती येतात, त्यांना अण्णा कोण आणि अक्का कोण काही माहीत नाही. हे सगळं खरं होतं. पण समोर ती नोंद सरकत होती आणि शेजारी खुर्चीत अक्का केस मोकळे सोडून बसल्या होत्या, आणि सांगते, मलाही भीती वाटली. अण्णा उठले, स्टुलावर चढले आणि त्यांनी माळ्यावरची वायर उपटून काढली. मग सुमनला फोन करून इस्पितळाचा दिवस रद्द केला.

त्यानंतर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मीच गेले. म्हटलं, दार उघडायचंच नाही असा एक रस्ता आहे. कोठीनेच आतून एक बंद बोगदा काढायचा, तो थेट तुमच्या मोबाइलपर्यंत. किल्ली दोनच ठिकाणी, कोठीत आणि तुमच्या फोनमध्ये. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे दारच दिसणार नाही, फक्त भिंत. अण्णांनी एकच गोष्ट विचारली. "मग दार वाजवणार कुठं?" मी म्हटलं, "कुठेच नाही." त्यांनी माळ्यावरच्या डब्याकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "सरी, चालंल. हे आधी का सांगितलं नाहीस?" खरं तर सांगितलं होतं, पण तेव्हा ते अक्कांच्या औषधाच्या वेळेकडे बघत होते.

बोगदा लागला. मी ऑफिसातून बघितलं, दिसलं. अण्णा वायफाय बंद करून बघायला शिकले. तसं केलं की जिन्यातूनही खरोखरची बाहेरची परीक्षा व्हायची, त्यामुळे त्यांना फाटकापर्यंत जायची गरज उरली नाही. ते पुन्हा वळणावर उभे राहू लागले. "शकू, मी बाहेर जाऊन येतो. हात वर कर." रोज तेच. अक्का हात वर करायच्या आणि अण्णा परत यायचे.

इस्पितळात जायच्या दिवशी सुमन गाडी घेऊन आली. अण्णांनी गॅसवर तळहात ठेवला. भाग्यम्मांना वरची नवी कडी दाखवली, ती सतत लावलेली हवी असं कन्नडमध्ये दोनदा सांगितलं. अक्कांना म्हणाले, "मी बाहेर जाऊन येतो." पुढचं हात वर करायचं सांगायला त्यांच्याच्याने झालं नाही. गाडी गेली.

ऑपरेशनच्या दिवशी मी घरून काम करत होते. सकाळचीच वेळ, ऑफिसच्या फोनवर बोलत होते, तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"मुग्धा, खुर्ची रिकामी आहे."

"बाथरूमला गेल्या असतील अण्णा."

"मघापासनं रिकामी आहे. भाग्यम्मा पण दिसत नाही." मागून सुमनचा आवाज आला, मामा, न्यायला आलेत, फोन द्या. अण्णा एवढंच म्हणाले, "बघ गं," आणि फोन बंद झाला.

मी चपला न घालताच धावले. खालचं, अण्णांचं दार सताड उघडं. वरची कडी काढलेली. हॉलमध्ये कोणी नाही, आतल्या खोलीत नाही, बाथरूमचं दार मोकळं. स्वयंपाकघरात शेगडी बंद होती, तरी मी तिच्यावर हात ठेवून बघितला. गॅलरीतून खाली डोकावताना माझे डोळे आपोआप मिटले, कारण काय दिसेल याची मला भीती होती. खाली वॉचमन पाइपने अंगण धूत होता. "अक्का?" मी ओरडले. "इल्ला मॅडम," तो नकारार्थी मान हलवत म्हणाला. गच्चीतून भाग्यम्मांचा आवाज आला. त्या कपडे वाळत घालायला वर गेल्या होत्या. फाटकापलीकडे रस्ता होता, टँकर होते, बस होत्या, आणि अक्कांना बस फार आवडायची. मला देवनहळ्ळीचा तो बाक आठवला. आज तिथे कोणी येणार नव्हतं.

मी जिना उतरायला लागले आणि वळणावर थबकले. अक्का तिथे उभ्या होत्या. भिंतीकडे तोंड, डोळ्यांसमोर टीव्हीचा रिमोट धरलेला, अगदी अण्णा मोबाइल धरायचे तसा.

"अक्का, इथे काय करताय?"

"हे इथंच असतात की," त्या म्हणाल्या. "आज कुठं गेले?"

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. हाताला धरून त्यांना वर आणलं, खुर्चीत बसवलं, म्हटलं, अक्का, हात वर करा. त्यांनी केला. मी कॅमेऱ्यासमोर वेड्यासारखी दोन्ही हात हलवत होते. चित्राचा तुकडा पुरा होऊन कोठीत जायला जरा वेळ लागायचा. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. मग फोन लावला. सुमनने उचलला.

"आत नेलं," ती म्हणाली. "फोन माझ्याकडे आहे."

"त्यांनी बघितलं का? अक्का परत आल्या ते?"

"माहीत नाही गं."

तो सबंध दिवस मी अक्कांच्या पायाशी बसून काढला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ज्या माणसाने आयुष्यभर रिकाम्या खुर्चीचीच धास्ती घेतली, त्याला तीच बघत भूल दिली असेल तर? तो परत यायची खटपट कशासाठी करेल? असे विचार करू नयेत, पण मी केले.

अण्णा परत आले. सात-आठ दिवसांनी मी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, आणखीच वाळलेले. सुमन खाली औषधं आणायला गेली तशी मी विचारलंच. "अण्णा, आत जाताना अक्कांचा हात दिसला होता का?"

"नाही. नर्सनं फोन घेतला. रिकामी खुर्ची बघूनच गेलो."

ते छतावरच्या पंख्याकडे बघत होते.

"भ्यालो," ते म्हणाले. "जन्मात एवढा भ्यालो नव्हतो. आधी वाटलं, रस्त्यावर गेली. मग वाटलं, बसमध्ये बसली. सगळं बघून झालं पडल्या पडल्या. ते तोंडावर मास्क लावतात की, तेव्हा सुचलं. दार उघडं असंल तर लांब कशाला जाईल? मला शोधायला जिन्यात गेली असंल. मीच शिकवलंय की तिला. रोज तिथंच तर सापडायचो."

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी ते घर सोडलं. नंतर वर्षभरातच अण्णा गेल्याचं सुमनने कळवलं. अक्कांना ती धारवाडला घेऊन गेली होती. त्यामुळे घर सोडतानाचं ते दर्शन शेवटचंच ठरलं. मी शेवटची पिशवी घेऊन उतरत होते. अण्णा जिन्याच्या वळणावर उभे होते, हात पाठीमागे बांधलेले. मोबाइल दिसला नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला, कुलूप नीट ओढून बघत जा हे ऐकून घेतलं आणि वर नजर गेली. त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतून अक्कांच्या चपलांची चाहूल येत होती, हळूहळू, दाराच्या दिशेने.

"अण्णा, दार उघडं राहिलंय."

"असू दे," ते म्हणाले. "ती निघाली की मी इथं सापडायला पाहिजे."